सोलापूरच्या उन्हात राहूनही ‘ड’ कमी कसे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखिका 46 वर्षांच्या आहेत. त्या जुळे सोलापुरात राहतात आणि अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात. सकाळी स्कार्फ, सनकोट आणि हातमोजे घालून स्कूटरवरून निघायचे आणि संध्याकाळी सहाला परतायचे, असा त्यांचा दिवस असतो. गेल्या वर्षी पाठ आणि मांड्या ठणकू लागल्या आणि जमिनीवरून उठताना हाताचा टेकू लागू लागला, तेव्हा रक्तात ‘ड’ जीवनसत्त्व मिलिलिटरमागे 11 नॅनोग्रॅम निघाले. डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे दिली. दुखणे गेले आणि पुढच्या तपासणीत आकडा 34 आला. त्यानंतर मात्र डॉक्टरांकडे न जाता, औषधांच्या दुकानातून आणलेली तीच पुडी त्या गेले आठ महिने दर आठवड्याला घेत आहेत आणि रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या 70 वर्षांच्या सासूबाईंनाही देत आहेत. पुण्याच्या नणंदेचे म्हणणे असे, की पुडी जन्मभर घ्यावी, म्हणजे मधुमेह, हृदयविकार आणि कर्करोग टळतात. पती म्हणतात, पुड्या बंद करून गच्चीत बसावे. सासूबाईंचा भरवसा सकाळी सातच्या कोवळ्या उन्हावर आहे. पत्रलेखिकेचे वडील मधुमेह आणि हृदयविकाराने साठीच्या आत गेले, त्यामुळे त्यांना पुडी सोडण्याची भीती वाटते. गालांवर वांग असल्यामुळे उन्हाचीही वाटते. त्या शाकाहारी आहेत आणि त्यांना दूध आवडत नाही. पुडी, ऊन आणि आहार यांतले नेमके काय धरावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

प्रिय भगिनी,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर देतोच, पण त्याआधी एक गोष्ट आजच करावी लागेल. या आठवड्याची पुडी घेऊ नका आणि सासूबाईंनाही देऊ नका. दर आठवड्याला 60,000 युनिट म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक युनिट होतात. निरोगी प्रौढाने वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा 4,000 युनिट मानली जाते, आणि तुम्ही तिच्या दुपटीहून पुढे आहात. हे जीवनसत्त्व पाण्यात नव्हे, चरबीत विरघळते. त्यामुळे जास्तीचा साठा लघवीवाटे निघून न जाता शरीरात साचत राहतो. तो फार वाढला, तर रक्तातील कॅल्शियम वाढते आणि त्यातून मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान, वारंवार लघवी, मूतखडा आणि कधी मूत्रपिंडाला इजा असे प्रकार होतात. तुम्हाला हे झालेच असेल असे मी म्हणत नाही. आठ महिन्यांत अनेकांना काहीही होत नाही. तरीही तुम्हा दोघींची ‘ड’, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा घटक) ही तपासणी याच आठवड्यात करून ज्या डॉक्टरांनी पहिला उपचार दिला त्यांना दाखवावी. पुढचे सारे त्यानंतरचे आहे.

डॉक्टरांचा पहिला उपचार योग्य होता, हेही इथेच सांगतो. 11 हा आकडा खरोखर कमी आहे. हाडांच्या दृष्टीने साधारण 20 नॅनोग्रॅम पुरेसे धरले जाते. मांड्यांतील अशक्तपणा, उठताना लागणारा टेकू आणि पाठीचा बोथट ठणका हे हाडे मऊ पडल्याचे ओळखीचे रूप आहे, आणि आठ पुड्यांनी ते निवळले. म्हणजे पुडीने आपले काम केले. नंतर मात्र तुम्ही औषधाला विम्याचा हप्ता समजलात, आणि माझा मतभेद तिथून सुरू होतो.

तुमच्या पत्रात एक आश्चर्य डोकावते : एवढ्या उन्हाच्या गावात राहून आपल्याला उन्हाचे जीवनसत्त्व कमी कसे पडले? पण तुमचा दिवस उन्हात जातोच कुठे? सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘ब’ प्रकारचे किरण त्वचेवर पडले, की तिथल्या कोलेस्टेरॉलच्या एका पूर्वरूपापासून हे जीवनसत्त्व तयार होते. पुढे यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्याला कामाचे रूप येते. हे किरण सनकोटातून, हातमोज्यांतून आणि कचेरीच्या खिडकीच्या काचेतून जवळजवळ आत येत नाहीत. काचेमागे बसून ऊब मिळते, उजेड मिळतो आणि घामही येतो, जीवनसत्त्व मात्र तयार होत नाही. शिवाय सावळ्या त्वचेतील रंगद्रव्य हे किरण अडवते, त्यामुळे गोऱ्या माणसाच्या कितीतरी पट वेळ आपल्याला लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असताना अंग झाकून निघण्याचा तुमचा निर्णय शहाणपणाचाच आहे. उष्माघात ही सोलापुरात पुस्तकातली गोष्ट नाही. फक्त त्या शहाणपणाची किंमत कुठून वसूल होते, ते आता तुम्हाला कळले आहे.

पतींचा आणि सासूबाईंचा वाद घड्याळाचा आहे, आणि तो सावलीकडे पाहून मिटवता येतो. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असते, तेव्हा सूर्य खाली असतो आणि त्याच्या किरणांना वातावरणाचा जाड थर तिरपा कापून यावे लागते. त्यात हे ‘ब’ किरण बहुतेक गाळले जातात. सावली उंचीपेक्षा आखूड झाली, की ते पुरेसे पोचू लागतात. सोलापूर साधारण 17.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून इथे मे महिन्यात एक दिवस भर माध्यान्ही सावली पायाखाली नाहीशी होते, आणि डिसेंबरच्या सर्वांत लहान दिवशीही दुपारची सावली उंचीपेक्षा थोडी आखूडच राहते. उत्तर युरोपातील लोकांना हिवाळ्याचे काही महिने हे किरण मिळतच नाहीत. आपल्याला ते बारा महिने मिळतात. मात्र वेळ बदलते. मे महिन्यात सकाळी सव्वानऊच्या सुमारास सावली उंचीइतकी होते, तर डिसेंबर-जानेवारीत त्यासाठी सव्वाअकरा वाजतात आणि दीडनंतर ती पुन्हा लांबते. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, सकाळी आठला कितीही सुखाचे ऊन खाल्ले, तरी ‘ड’च्या हिशेबात ते फारसे जमा होत नाही.

याचा व्यवहारातला अर्थ तुमच्या सोयीचा आहे. उन्हाळ्यात गच्चीत बारा वाजता बसण्याची काही गरज नाही. पतींचा हा बेत एप्रिल-मेमध्ये धोक्याचाच ठरेल. त्या दिवसांत सव्वानऊ ते दहा हा वेळ पुरतो, म्हणून सुटीच्या दिवशी कपडे वाळत घालणे, कुंड्यांना पाणी घालणे, धान्य पसरणे ही कामे तेव्हा उरकावीत. थंडीत कारखान्यात जेवणाच्या सुटीत डबा खाऊन आवाराबाहेर फेरी मारावी. आपल्यासारख्या त्वचेला कोपरापर्यंतचे हात आणि पाय उघडे ठेवून, आठवड्यातून तीन-चार दिवस, वीस ते तीस मिनिटे हा एक साधारण अंदाज आहे. तो प्रत्येकाला तंतोतंत लागू पडेल असे नाही, कारण वय, वजन आणि हवेतील धूळ यांनुसार फरक पडतो. त्वचा हुळहुळू लागेपर्यंत बसणे मात्र निरर्थक आहे, कारण एका मर्यादेनंतर त्वचा तयार झालेले जीवनसत्त्व स्वतःच मोडू लागते. म्हणूनच उन्हाचा अतिरेक करून ‘ड’ची विषबाधा होत नाही, ती पुडीनेच होते.

वांगाची तुमची काळजी रास्त आहे, कारण उन्हाने वांग गडद होते. पण चेहरा उघडा ठेवावा लागतो, हे कोणी सांगितले? 1919 साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की या डॉक्टरांनी मुडदूस (हाडे मऊ पडून वाकण्याचा आजार) झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश दिला. त्यांच्या ध्यानात आले, की प्रकाश एका हातावर टाकला तरी दुसऱ्या हाताची हाडेही सुधारतात. म्हणजे त्वचेत तयार झालेली वस्तू रक्तातून सगळीकडे पोचते. तेव्हा स्कार्फ खुशाल राहू द्या, गालांना सनस्क्रीन लावा आणि ऊन हातापायांना द्या. चेहऱ्याचा पृष्ठभाग तसाही लहान असतो.

सासूबाईंचे सातचे ऊन वाया जाते का? ‘ड’साठी, बहुतांशी होय. पण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला, की शरीराचे घड्याळ लागते आणि रात्रीची झोप वेळेवर येते. दिवसभर ट्यूबलाइटखाली बसणाऱ्या तुम्हाला त्याची त्यांच्यापेक्षा जास्त गरज असावी. ‘ड’ सोडूनही उन्हाचे काही परिणाम आहेत. एडिंबरा येथील संशोधकांनी 2014 मध्ये दाखवले, की अतिनील ‘अ’ किरणांमुळे त्वचेतील साठ्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब थोडा वेळ किंचित उतरतो. स्वीडनमधील सुमारे 30,000 स्त्रियांचा वीस वर्षे मागोवा घेतला असता, ऊन टाळणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. पण ऊन टाळणाऱ्या स्त्रिया आधीच आजारी किंवा कमी हिंडणाऱ्या असू शकतात, आणि स्वीडनचे ऊन म्हणजे सोलापूरचे ऊन नव्हे. असा निष्कर्ष ऐकून कोणी मे महिन्यात गच्ची गाठू नये.

हाच पेच नणंदेच्या सल्ल्यात आहे, आणि तुमच्या मनातली खरी भीती तिथेच असल्यामुळे यावर जरा थांबतो. रक्तात ‘ड’ कमी असलेल्या लोकांत मधुमेह, हृदयविकार आणि काही कर्करोग जास्त दिसतात, ही गोष्ट खरी आहे. त्यावरून ‘ड’ वाढवले की आजार टळतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण आजारी माणूस बाहेर पडत नाही, स्थूल माणसाच्या चरबीत हे जीवनसत्त्व विखुरते, आणि जो दिवसभर बसून असतो त्याला ऊनही मिळत नाही आणि हालचालही होत नाही. कमी आकडा आजाराचे कारण असू शकतो, तसाच तो आजारी राहणीची खूणही असू शकतो. हा गुंता सोडवण्यासाठी मोठे प्रयोग झाले. अमेरिकेत 25,871 प्रौढांना काही वर्षे रोज 2,000 युनिट किंवा दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी देण्यात आली; कर्करोग होण्याचे प्रमाण घटले नाही, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघातही घटले नाहीत आणि पुढे 2022 मध्ये अस्थिभंगांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतही फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियात 21,000 हून अधिक ज्येष्ठांपैकी निम्म्यांना महिन्यातून एकदा 60,000 युनिट, म्हणजे बरोब्बर तुमच्या पुडीइतकी मात्रा, पाच वर्षे दिली. मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील 2,423 जणांपैकी निम्म्यांना रोज 4,000 युनिट देऊन पाहिले, तेव्हा मधुमेह टाळण्यात ठाम म्हणता येईल असा फरक 2019 च्या निष्कर्षात मिळाला नाही. याउलट ऑस्ट्रेलियातच वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाख युनिटची मात्रा दिली असता, 2010 च्या अहवालानुसार, त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे वाढले.

या प्रयोगांतील बहुतेक माणसांत ‘ड’ची मोठी उणीव नव्हती, हे विसरता कामा नये. 11 आकडा असलेल्या स्त्रीला उपचार नको, असा त्यांचा अर्थ नाही. 34 असलेल्या स्त्रीने आणखी भर घालून काय साधेल, एवढ्याच प्रश्नाला ते उत्तर देतात, आणि ते उत्तर निराशेचे आहे. वडिलांच्या आठवणीने तुम्ही पुडी घेता, हे मी समजू शकतो. पण त्या वारशाशी झुंजायचे तर वर्षातून एकदा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतील सरासरी साखर), कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब तपासावा, कमरेचा घेर मोजावा, रात्रीच्या जेवणानंतर चालावे. हे सारे पुडीपेक्षा कंटाळवाणे आहे आणि तिच्यापेक्षा कितीतरी उपयोगाचे आहे. दुपारच्या उन्हातील त्या अर्ध्या तासाचे मला अप्रूप वाटते ते यासाठीच, की त्यात ‘ड’ही मिळते आणि पायही चालतात. पुडीत दुसरी गोष्ट नसते.

आता ताटाकडे येऊ. आहारातून ‘ड’ भरून काढण्याची आशा शाकाहारी माणसाने फारशी धरू नये. आपल्याकडे प्रौढांची रोजची गरज 600 युनिट मानली आहे आणि एका अंड्याच्या बलकात साधारण 40 युनिट असतात, म्हणजे अंडी खाणाऱ्यालाही रोज पंधरा खावी लागतील. पिशवीवर निळ्या रंगात अधिकचे चिन्ह आणि ‘एफ’ हे अक्षर असलेले दूध पौष्टिकीकरण केलेले असते, पण त्याच्या एका लिटरमध्येही 200 ते 300 युनिटच असतात. अळिंबी (मशरूम) चिरून दुपारच्या उन्हात ठेवल्यास तिच्यात ‘ड’चा एक प्रकार तयार होतो. हौस असल्यास करून पाहावे. त्यावर विसंबू नये.

आहाराचे खरे काम निराळे आहे. ‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करते, पण शोषायला ताटात कॅल्शियम तर हवे. तुमची रोजची गरज 1,000 मिलिग्रॅम आहे आणि पाळी गेल्यावर ती 1,200 होईल. ज्वारीची कडक भाकरी, पिठले आणि शेंगांची चटणी हे आपले जेवण तंतू, प्रथिने आणि चव या तिन्ही बाबतींत उत्तम असले, तरी शंभर ग्रॅम ज्वारीत कॅल्शियम जेमतेम 25-30 मिलिग्रॅम असते. त्यात तुम्ही दूध घेत नाही, म्हणजे पुडी कितीही घेतली तरी हाडांना माल अपुराच पडत असणार. दूध आवडत नसेल तर दही आणि ताक चालेल. दोन वाट्या दह्यातून 300 मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या घरात कॅल्शियम असते, म्हणून ज्वारीच्या पिठात तिसरा हिस्सा नाचणी मिसळून पाहावी. भाकरी थोडी काळी दिसेल आणि पहिले चार दिवस घरातून कुरकुर येईल. शेवग्याच्या शेंगांवर आपण प्रेम करतो आणि पाला टाकून देतो, वास्तविक शंभर ग्रॅम पाल्यात 300 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आहे. न सोललेल्या तिळाचा एक मोठा चमचा सुमारे 100 मिलिग्रॅम देतो, जरी त्यातील सारेच शोषले जात नाही. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतो, ते वर्षभर थापायला कोणाची हरकत आहे? शेंगांच्या चटणीतच भाजलेले तीळ आणि कारळे कुटून घातले तरी चालेल, फक्त मिठाचा हात आखडता ठेवा, कारण जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही जाते.

पाळी जाण्याच्या आसपासची वर्षे हाडांसाठी कठीण असतात. त्या काळात हाडांची झीज झपाट्याने होते. तुम्ही 46 च्या आहात, म्हणजे तयारीला अजून वेळ आहे. हाडांवर भार पडेल असा व्यायाम हवा : जिने चढणे, पाण्याची भरलेली कळशी किंवा तेवढे वजन उचलणे, टेकू न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणे. थकवा राहिलाच असेल, तर ‘ब-12’, हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्यावे. शाकाहारी घरांत ‘ब-12’ची उणीव वारंवार सापडते आणि तिचा दोष उगीच ‘ड’वर जातो.

सासूबाईंचे प्रकरण मात्र वेगळे धरावे. सत्तरीत त्वचेची हे जीवनसत्त्व बनवण्याची क्षमता तरुणपणापेक्षा खूप कमी झालेली असते, त्यामुळे केवळ उन्हावर त्यांचे भागेल असे नाही, आणि रोजची लहान मात्रा, साधारण 800 युनिट, त्यांना डॉक्टर सुचवतीलही. पण रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या थायाझाइड गटातील असतात आणि त्या शरीरातले कॅल्शियम बाहेर जाऊ देत नाहीत. अशा गोळीबरोबर मोठ्या मात्रेची पुडी आणि वर कॅल्शियमची गोळी असे त्रिकूट जमले, तर रक्तातील कॅल्शियम नकळत चढते. त्यांच्या गोळीची पट्टी घेऊनच डॉक्टरांकडे जावे. एकाच्या नावावरचे औषध दुसऱ्याला देण्याची आपल्या घरांतली सवय मायेपोटी असते, हे मान्य करूनही तुम्हाला ती मोडावी लागेल.

तपासणीत कॅल्शियम ठीक निघाले आणि ‘ड’ पुरेसे असले, तर पुढचे तीन-चार महिने ऊन आणि ताट यांवरच काढून पाहावे आणि मग एकदा तपासावे. दर महिन्याला रक्त देण्यात पैसे जातात, माहिती वाढत नाही. आकडा पुन्हा 20 च्या खाली आला, तर डॉक्टर रोजची लहान मात्रा ठरवून देतील आणि ती घेण्यात कसलाही कमीपणा नाही. नणंदबाईंना पुड्यांविषयी सांगायचे झाल्यास त्यांचा स्वतःचा आकडा किती आहे आणि कॅल्शियम शेवटचे कधी तपासले, एवढे दोनच प्रश्न विचारून पाहावेत. कपाटात उरलेल्या पुड्या ‘पैसे गेलेत’ म्हणून संपवू नका. डॉक्टरांना दाखवून त्यांचे काय करायचे ते विचारा, आणि तोपर्यंत त्या सासूबाईंच्या गोळ्यांच्या डब्यापासून लांब, वेगळ्या खणात ठेवा.